नटावरची पिवळी रेघ

गाडीचा मागचा भाग सुटला, ते मोरेश्वरला बुडानं आधी कळलं. डोळ्यांना नंतर दिसलं.

डिसेंबरचा पहिला शुक्रवार होता, सकाळचे साडेनऊ. ट्रली या परदेशी गावाच्या दक्षिणेला स्लीव्ह मिशचा डोंगर आहे. त्याच्या खांद्यावरून एक अरुंद रस्ता पलीकडच्या वाड्यावस्त्यांवर उतरतो. रात्री गारा पडल्या होत्या, पहाटे त्यांच्यावर पाऊस पडला होता आणि रस्त्यावर बर्फाचा पातळ चिखल पसरला होता. गाडी अश्लेषा चालवत होती. अश्लेषा मोरेश्वरची एकुलती एक मुलगी. ती घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची हाडं-सांधे हलते ठेवणारी फिजिओथेरपिस्ट होती, आणि हा रस्ता आठवड्यातून पाच दिवस तिच्या नशिबी होता. त्यासाठीच तर ही चारही चाकांना जोर देणारी फोर-व्हील गाडी घेतली होती.

उजवं वळण आलं. अश्लेषानं चाक वळवलं. गाडीचं तोंड वळलं, पण मागचा भाग वळला नाही. तो सरळ डावीकडे निघून गेला. डाव्या अंगाला दगडी भिंत होती आणि भिंतीला पाठ लावून एक मेंढी उभी होती, पाठीवर निळ्या रंगाचा पट्टा असलेली. मोरेश्वरनं मेंढीचा डोळा पाहिला. मग धडक बसली. मागची काच फुटून आत आली. भिंतीचे दगड ढासळून पलीकडे गेले. गाडी एक गिरकी घेऊन रस्त्यात आडवी थांबली.

अश्लेषा स्टीअरिंग धरून बसून होती. मोरेश्वर उतरला. मेंढी जिवंत होती. कंबरेखाली तिचं काही उरलं नव्हतं, पण पुढचे दोन पाय चालत होते, जणू ती अजून चढ चढत होती. मोरेश्वरनं मागचं दार उघडलं, व्हील पाना काढला आणि मेंढीच्या कपाळावर एकदाच मारला. दुसऱ्यांदा मारावा लागला नाही. अर्धवट मारणं त्याला जमायचं नाही.

पाना डाव्या हातात घेऊनच तो मुलीकडे आला. तिच्या बाजूचं दार त्यानं उघडलं.

"पाय काहून उचलला?"

"काय?"

"वळणात पाय काहून उचलला? ब्रेक मारला तू!"

"बाबा, मी ब्रेकला पाय लावलेला नाही. ही तीन आठवडे असंच करतेय. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"गाडी काही करत नसते. माणूस करते. गाडीले अक्कल असते का?"

"मी नाही मारला ब्रेक!"

मोरेश्वरचा हात उठला आणि पडला. बेचाळीस वर्षांची बाई, स्वतःची पोरगी कॉलेजला धाडलेली, तिचं डोकं गाडीच्या दाराच्या चौकटीवर आपटलं. डाव्या गालावर चार बोटं उठली. वरून बारीक गारा पडायला लागल्या होत्या. अश्लेषानं गालाला हात लावला नाही. तिनं पुन्हा गाडी सुरू केली, दिशा सरळ केली आणि म्हणाली, "बसा. एक म्हातारी माझी वाट बघतेय. तिला आज जिना चढवायचाय."

*

मोरेश्वरच्या हाताबद्दल सांगायला हवं. त्याचं अख्खं आयुष्य त्या हातातच होतं.

नागपूरला वनखात्याच्या वर्कशॉपमध्ये त्यानं चौतीस वर्षं जीपगाड्या दुरुस्त केल्या. त्याआधी, सोळाव्या वर्षी एका गॅरेजात लागला तेव्हा, त्याचा उस्ताद पान्यानं मारायचा. पाना मागितला आणि दुसरा दिला, तर जो दिला तोच पाठीत. मोरेश्वर शिकला. त्याचं मत असं पडलं की मार खाल्ला म्हणूनच शिकला. मग तो उस्ताद झाला आणि त्याचा हात सुरू झाला. हात मारायला जसा चालायचा तसाच कामालाही. दुसरा मेकॅनिक दिवसभर ज्या गाडीखाली लोळायचा तिचं दुखणं मोरेश्वर बॉनेटवर कान ठेवून सांगायचा. त्यामुळे साहेबलोक त्याच्या हाताकडे कानाडोळा करायचे. त्याचा नियम एकच होता आणि तो सगळ्या वर्कशॉपला पाठ होता: चूक ज्याच्या हाताची, थोबाड त्याचं. मग तो कोणी का असेना.

बाळू नावाचा एक फिटर होता. हसरा, गाणी म्हणत काम करणारा. एकदा त्यानं एका जीपचं चाक बसवलं आणि दोन नट हातानंच फिरवून सोडून दिले. कोणीतरी चहाला हाक मारली होती. ते चाक मेळघाटात निखळलं. ड्रायव्हरचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. बातमी आली त्या दिवशी मोरेश्वरनं बाळूला सगळ्यांसमोर उभं केलं आणि एक ठेवून दिली. बाळूच्या डाव्या कानातून रक्त आलं. त्या कानानं त्याला परत ऐकू आलं नाही. बाळूनं तक्रार केली नाही. त्याचंही मत होतं की चूक त्याचीच.

त्या दिवसापासून मोरेश्वर नट कसून झाला की पिवळ्या ऑइल पेंटची एक रेघ ओढायचा, नटावरून थेट चाकावर. नट केसभर फिरला तरी रेघ तुटते. "रेघ जुळली तर हात माझा," तो सांगायचा. "रेघ तुटली तर हात दुसऱ्याचा." त्यानंतर नोकरी संपेपर्यंत रेघ जुळलेल्या चाकानं कधी दगा दिला नाही.

सुरेखावर, म्हणजे त्याच्या बायकोवर, त्यानं कधी हात टाकला नाही असं तो सांगे. सुरेखा जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे खरंखोटं करणारं कोणी नव्हतं. अश्लेषाला दोन वेळा आठवत होत्या.

तीन महिन्यांच्या व्हिसावर तो सप्टेंबरच्या शेवटी ट्रलीला आला. आठवड्याभरात खंडेनवमी आली. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, हा त्याचा एकमेव सण. जावयाच्या घरात हत्यारं म्हणजे एक पक्कड आणि भिंतीवर चित्र टांगायची हातोडी. ते पाहून त्याला लाज वाटली. त्यानं गाडीच अंगणात घेतली. चारही चाकं उतरवली, धुतली, ब्रेकची धूळ काढली आणि परत बसवताना त्यांच्या जागा फिरवल्या: पुढची दोन तिरपी मागे, म्हणजे उजवं डावीकडे आणि डावं उजवीकडे, मागची दोन सरळ पुढे. चाकं फिरवली की टायर सारखे झिजतात. जीपला तो दर खंडेनवमीला हेच करायचा. नट कसले, पिवळ्या रेघा ओढल्या, हळदकुंकू वाहिलं. मग नट झाकणाऱ्या प्लास्टिकच्या टोप्या वरून दाबल्या. जावई अभिजित हा पुण्याचा, लिमरिकच्या एका कंपनीचं काम घरी बसून करणारा. तो खिडकीतून बघत होता. मोरेश्वरनं त्याला बाहेर बोलावून रेघेचं महत्त्व अर्धा तास सांगितलं होतं.

"समजलं का, जावईबापू?"

"समजलं, बाबा. म्हणजे चेकसम."

"काय सम?"

"काही नाही. तेच. कोणी हात लावला तर कळतं."

*

शुक्रवारी दुपारी अश्लेषा घरी आली तेव्हा गाल सुजून डोळ्यापर्यंत गेला होता. अभिजितनं लॅपटॉप मिटला.

"हे काय?"

"बाबांनी मारलं."

अभिजितचा आवाज घरात कधी चढायचा नाही. आताही चढला नाही. तो सासऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. "बाबा, तुमचं तिकीट वीस तारखेचं आहे. ते मी आजचं करू शकतो. बॅग भरायला दहा मिनिटं देतो."

"माझ्या पोरीले मी मारलं. तू मधात बोलू नको. तिनं चूक केली."

"थांब अभिजित," अश्लेषा म्हणाली. ती खुर्चीत बसली होती. गालावर गोठवलेल्या मटारची पिशवी होती. "बाबा, मी ब्रेक मारला नाही. तुम्ही म्हणता मारला. मला सोमवारी सकाळी त्याच रस्त्यानं, त्याच वळणावरून जायचंय. या वेळी मेंढी मधे आली. पुढच्या वेळी भिंत नसलेल्या जागी सुटली तर खाली दोनशे फूट आहे. उद्या आणि परवा, दोन दिवस आहेत. शोधा. गाडीत दोष नाही निघाला तर मी मान्य करीन, माझा पाय चुकला. निघाला तर?"

"निघाला तर ज्याच्या हाताचा तो खाईल."

"कोणीही असो?"

"माझा नियम आहे तो," मोरेश्वर म्हणाला. "तुले माहीत आहे."

"मला माहीत आहे," अश्लेषा म्हणाली.

*

शनिवारी उजाडायला साडेआठ झाले. तीन अंश. वारा समुद्राकडून, गारांसकट. मोरेश्वर जावयाचा रेनकोट घालून अंगणात उतरला.

त्यानं आधी हवा तपासली. चारी चाकं बरोबर. मग एकेक चाक जॅकवर उचलून वर-खाली आणि डावं-उजवं हलवलं. बेअरिंगला खेळ नाही. चाकामागच्या बॉल जॉइंटला पहार लावून जोर दिला. घट्ट. शॉकअप गळत नव्हते. गाडीचा कोपरा दाबून सोडला तर एकदाच वर येऊन थांबला. सुतळी घेऊन पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ताणली आणि रांग मोजली. टक्कर बसूनही मागचा ॲक्सल सूतभर हललेला नव्हता. मार फक्त पत्र्यानं आणि काचेनं खाल्ला होता. ब्रेक कुठे अडकतो का पाहायला त्यानं अभिजितला रस्त्यावर दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि चारही चाकांजवळ हात नेऊन गरमी पाहिली. सगळीकडे सारखी.

राहिला चार चाकांचा जोर. गाडी घरामागच्या ओल्या गवतावर नेली.

"दे रेस."

अभिजितनं दिली. पुढची चाकं घसरली आणि क्षणभरात मागच्या चाकांनी जोर घेतला. गवत आणि चिखल मोरेश्वरच्या तोंडावर उडाला.

"अजून दे!"

"बाबा, बाजूला व्हा!"

"तू मले नको शिकवू, लॅपटॉप! दे म्हटलं ना!"

सगळं ठीक होतं. प्रत्येक गोष्ट ठीक निघाली की मोरेश्वरचा पारा एक रेघ वर चढत होता. कारण गाडी खोटं बोलत होती. तो पाठीवर झोपून खाली घुसला आणि जे हाताला लागेल त्याला हातोडीनं ठोकत गेला. बोटांची सालं निघाली. दोनदा हातोडी निसटून कपाळावर आली. कपाळावरून रक्त कानात जात होतं तरी तो बाहेर आला नाही. अश्लेषा स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून ते ठोके ऐकत होती. लहानपणी ती हेच ठोके ऐकून ओळखायची, आज बाबांचा हात कसा आहे ते.

एकच्या सुमारास त्यानं पुढच्या उजव्या चाकाची टोपी काढली. वरच्या नटावरची पिवळी रेघ तुटलेली होती. नटावरचा तुकडा एका बाजूला, चाकावरचा दुसऱ्या बाजूला. त्यानं पाचही नट पाहिले. पाचही रेघा तुटलेल्या. पुढचं डावं चाक, तेच.

"कोणी उघडली चाकं?"

"मॉसनं," अभिजित म्हणाला. "नोव्हेंबरात सर्व्हिसला दिली होती ना. तुम्ही तेव्हा झोपला होता."

मॉस म्हणजे त्यांच्या घरापासून दोन मैलांवर गॅरेज चालवणारा माणूस. साठीचा, रुंद मानेचा. निम्मा मेकॅनिक, निम्मा मेंढपाळ.

"नोव्हेंबरात उघडली. आणि तीन हप्त्यांपासून गाडी घसरून राहिली," मोरेश्वर म्हणाला. तो हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा. "चल."

"मागची चाकं नाही बघायची?"

"काय पाहाचं आहे आता?"

मागच्या दोन टोप्या काढायला चार मिनिटं लागली असती. गारा जोरात होत्या. मोरेश्वरनं ती चार मिनिटं दिली नाहीत. आयुष्यात त्यानं कधी कामातली चार मिनिटं वाचवली नव्हती. बाळूनं वाचवली होती.

*

मॉसच्या गॅरेजात रेडिओ चालू होता आणि लिफ्टजवळ एक कुत्रा झोपला होता. अभिजितनं थोडक्यात सांगितलं. मॉसनं गाडी लिफ्टवर घेतली, कंबरेइतकी उचलली आणि तिच्याभोवती एक फेरी मारली.

"ती मेंढी माझी होती," तो म्हणाला. "निळा पट्टा माझा."

"आम्हाला फार वाईट वाटतं," अभिजित म्हणाला.

"ठीक आहे. मारणाऱ्यानं एका घावात मारली. ते चांगलं केलं." मॉस मागच्या उजव्या चाकाशी थांबला. त्यानं चिखल अंगठ्यानं पुसला. टायरच्या बाजूवर रबरातच उठवलेला एक बाण होता. मॉसनं टायर हातानं पुढच्या दिशेनं फिरवला. बाण उलट्या दिशेला पळत होता.

"हा टायर एकाच दिशेनं चालतो. बाजू बदलली की उलटा फिरतो," मॉस म्हणाला. टायरवर माशाच्या काट्यासारख्या तिरप्या खाचा होत्या. "खाचा बघ. सरळ फिरला तर पाणी आणि बर्फाचा चिखल बाहेर फेकतो. उलटा फिरला तर मधे गोळा करतो. मग गाडी रस्त्यावर नाही, पाण्यावर उभी राहते. साध्या पावसात भागतं, बर्फाचा चिखल झाला की सुटते. पलीकडचा बघू." तो पलीकडे गेला. "हाही उलटा. आणि ही पुढची झिजकी जोडी मागे आलीय. अशा चाकांवर डोंगरात कोण जातं?"

अभिजितनं मराठीत सांगायला सुरुवात केली. गरज नव्हती. बाण वाचायला भाषा लागत नाही. ट्रॅक्टरच्या टायरला तोंड-पाठ असते, हे मोरेश्वर पन्नास वर्षं जाणून होता. जीपच्या टायरला कधी नव्हती. कुठलाही टायर कुठेही लावा. त्यानं वाकून बाणावरून बोट फिरवलं. पण तोंडातून जे आलं ते इंग्रजीत आलं, त्याला येत होतं तेवढ्या इंग्रजीत.

"यू. यू डिड."

मॉसनं वर पाहिलं. "मी पुढचे ब्रेक पॅड बदलले. मागच्या चाकांना मी हात लावलेला नाही."

"यू लायर!"

मोरेश्वरची मूठ मॉसच्या नाकावर बसली. नाक मोडल्याचा आवाज रेडिओच्या वर आला. मॉस पान्यांच्या ट्रॉलीवर पडला, ट्रॉली उलटली आणि शंभर पाने सिमेंटवर विखुरले. कुत्रा भुंकत उठला. मॉस उठला तोच डोकं खाली घालून, एडक्यासारखा. त्याचं डोकं मोरेश्वरच्या छातीत बसलं. दोघं मिळून टायरच्या थप्पीवर आदळले. मोरेश्वरनं दोन्ही हातांनी मॉसचा गळा धरला. मॉसनं त्याच्या कानशिलात कोपर मारलं, एकदा, दोनदा. मधे पडलेल्या अभिजितला कोणाचा तरी हात लागला आणि त्याचा ओठ फाटला. मोरेश्वर गडगडत जमिनीवर आला. उजव्या हाताची करंगळी भलत्याच दिशेला वळली होती. डावा हात जमिनीवर चाचपडला आणि त्याला व्हील पाना सापडला. तो गुडघ्यांवर उठला. मॉस रक्तानं आंधळा होऊन समोर वाकलेला होता. पाना वर गेला.

"बाबा! रेघ!"

अभिजित मागच्या उजव्या चाकाशी होता. त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि चाकाची टोपी जमिनीवर फिरत होती.

"रेघ बघा, बाबा."

पाच नट. पाच पिवळ्या रेघा. नटावरून चाकावर, एकाही ठिकाणी न तुटता, सरळ.

मोरेश्वरचा पाना हवेतच राहिला. मग तो खाली आला, रिकामा. मोरेश्वर उठला आणि लंगडत गाडीच्या पलीकडे गेला. डाव्या हातानं दुसरी टोपी ओढून काढली. पाच रेघा. कुंकवाचा एक ठिपकाही टोपीआड वाचला होता.

रेघ जुळली तर हात माझा.

तो त्या चाकासमोर उकिडवा बसला आणि पाचही नट बोटानं चाचपले. अभिजित ओठाला रुमाल लावून उभा होता. रेडिओवर कोणीतरी मेंढ्यांचे बाजारभाव वाचत होतं. शेवटी मोरेश्वर मॉससमोर जाऊन उभा राहिला, हात पाठीमागे बांधले आणि गाल पुढे केला.

"हिट," तो म्हणाला.

"हा काय म्हणतोय?" मॉसनं अभिजितला विचारलं. त्याच्या हनुवटीवरून रक्त टपकत होतं.

"चूक ज्याची, त्यानं मार खायचा. त्यांचा नियम आहे."

मॉस रक्त थुंकला. "माझी मेंढी गेली, नाक गेलं, आणि आता हा मला कामाला लावतोय. त्याला सांग, मी मारायचं तेवढं मारलं. चाकं त्यानं बिघडवली, चाकं तोच नीट करील." त्यानं भिंतीवरचं बटण दाबलं. हवेचा पंप बंद पडला. नट झटक्यात सोडणारी बंदूक आता चालणार नव्हती. "हातानं," मॉस म्हणाला.

वीस नट सोडायचे आणि वीस कसायचे. चारही चाकं खंडेनवमीच्या आधी जिथे होती तिथे परत. मोरेश्वरची करंगळी निखळलेली होती, बरगडीत श्वास टोचत होता. प्रत्येक नटाला तो पान्यावर अंगाचा भार टाकायचा आणि प्रत्येक नटाला त्याच्या तोंडातून एक आवाज निघायचा. अभिजित पुढे झाला तर मॉसनं त्याला मागे ओढलं. दीड तास लागला. मॉस नाकात कापूस कोंबून स्टुलावर बसून होता. चहा त्यानं एकट्यानंच प्यायला. शेवटी तो उठला, चारही टायर फिरवून बाण पाहिले आणि म्हणाला, "मीही नोव्हेंबरात मागे बघायला हवं होतं. दोन पावलं टाकायची होती. टाकली नाहीत." अभिजितनं ते मराठीत सांगितलं. मोरेश्वरनं मान हलवली नाही. दुसऱ्याची चूक त्याला नको होती.

"सोमवारी मी ती भिंत बांधायला वर असेन," मॉस म्हणाला. "दगड खूप पडलेत."

*

अश्लेषा दार उघडून उभी होती. तिनं आधी नवऱ्याचा ओठ पाहिला, मग बापाचं कपाळ, मग हात.

"सापडलं," मोरेश्वर म्हणाला. "टायर उलटे होते. मागचे दोन्ही. हात माझा."

ती दारातून बाजूला झाली.

"खंडेनवमीले मीच लावले. तुझा पाय बरोबर होता." तो दारातच थांबला होता. आत यायला त्यानं पाऊल उचललं नव्हतं. "नियम आहे. मार."

"हात दाखवा."

"आशू, मी म्हणून राहिलो, मार."

"हात दाखवा, बाबा."

तिनं त्याला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं. मनगट आपल्या काखेत घट्ट दाबून धरलं आणि करंगळी दोन बोटांत पकडली. "तीन म्हटलं की ओढते. एक. दोन—" दोनलाच ओढली. मोरेश्वर ओरडला. मेंढीसुद्धा ओरडली नव्हती तसा. सांधा कट्ट करून बसला.

"तीन म्हटली होती ना तू!"

"तीनला तुम्ही आखडलं असतं." ती पट्टी गुंडाळायला लागली. करंगळी शेजारच्या बोटाला बांधून टाकली, घट्ट. "नियम तुमचा आहे. तुम्हीच वापरा. माझ्या हातांना दुसरी कामं आहेत."

अभिजितनं चहा ठेवला. कोणी प्यायला नाही.

"बाळूकाकांचा कोणता कान गेला होता?" तिनं विचारलं. तिच्या बोटांचं काम थांबलं नव्हतं.

"डावा."

"माझाही गाल डावा."

"उजव्या हातानं मारलं की डावीकडंच बसते," मोरेश्वर म्हणाला. बोलून झाल्यावर त्यानं पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं आणि तो हात टेबलाखाली नेला.

"बाळूकाकांची चूक होती," अश्लेषा म्हणाली. "मान्य. माझी नव्हती. मॉसची नव्हती. आईची काय होती?"

 चौतीस वर्षं ज्याला कुठल्याही बिघाडाचं कारण विचारलं की सांगता यायचं, तो माणूस डाव्या हातानं चहाचा कप जागच्या जागी फिरवत राहिला. बाहेर गारा थांबून पाऊस लागला होता.

"वीस तारखेपर्यंत राहा," ती म्हणाली. "पण हात पुन्हा उठला, कोणावरही, तर अभिजित सोडायला येणार नाही. मी येईन. आणि परत बोलावणार नाही."

*

सोमवारी तसाच बर्फाचा चिखल होता. फुटक्या काचेवर अभिजितनं जाड प्लास्टिक चिकटवलं होतं, ते फडफडत होतं.

"मागे बसा," अश्लेषा म्हणाली. "उजव्या चाकावर. सुटली तर आधी तुम्हाला कळेल."

तो बसला. कोणी बोललं नाही. चढ लागला. टायरांखालून चिखल बाहेर फेकला जात होता. तो आवाज मोरेश्वर ऐकत होता. दोन महिने हा आवाज वेगळा होता आणि त्याला, मोरेश्वरला, ऐकू आला नव्हता. वळण दिसलं. अश्लेषानं वेग कमी केला नाही. वेगाचा काटा शुक्रवारी होता तिथेच होता. तिनं चाक वळवलं. मोरेश्वरनं डोळे मिटले आणि बुडाखालच्या चाकाकडे लक्ष दिलं. चाकानं रस्ता धरला. धरूनच ठेवला. गाडी मागून-पुढून एका तुकड्यात वळली, जशी गाडी वळायला हवी.

वळणापलीकडे अश्लेषानं गाडी थांबवली. तिनं स्टीअरिंगवरचे हात काढून मांडीवर पुसले.  तिनं आरशातून मागे पाहिलं नाही.

"उतरता का?"

मागे भिंतीच्या खिंडारात मॉस उभा होता. नाकावर पांढरी पट्टी, दोन्ही डोळ्यांखाली काळंनिळं. गाडी पाहून त्यानं एक बोट वर केलं. इथली माणसं रस्त्यात भेटल्यावर करतात तेवढंच.

मोरेश्वर उतरला. अश्लेषा निघून गेली; एका घरी जिना वाट पाहत होता. तो खिंडारापाशी चालत आला. कुठे काय करायचं, हे त्याला कोणी सांगितलं नाही. त्यानं डाव्या हातानं आणि उजव्या हाताच्या तीन बोटांनी एक दगड उचलला. जड होता. भिंतीवर ठेवला.

मॉसनं तो पाहिला. हातानं हलवला. दगड डुगडुगला. मॉसनं तो उचलून परत चिखलात फेकला.

"अगेन," तो म्हणाला.

चिखल मोरेश्वरच्या तोंडावर उडाला. त्याचा उजवा हात आपोआप आवळला आणि बांधलेल्या करंगळीतून कळ थेट कोपरापर्यंत गेली. त्यानं हात सोडला. मग वाकून तोच दगड उचलला, फिरवून त्याची सपाट बाजू शोधली आणि ठेवण्याआधी मॉसकडे पाहिलं.